सरळ रेषेला उशीर का झाला

दहावीच्या भूमितीत निर्देशक भूमितीचे एक प्रकरण असते आणि त्यातली दोन सूत्रे परीक्षेच्या आदल्या रात्री हमखास घोकली जातात. दोन बिंदूंचे निर्देशक दिलेले असतात. त्यांच्या क्ष-निर्देशकांतला फरक आणि य-निर्देशकांतला फरक काढायचा, दोन्ही फरकांचे वर्ग मिळवून वर्गमूळ घ्यायचे, की त्या बिंदूंमधले अंतर मिळाले. तेच दोन फरक घेऊन य-च्या फरकाला क्ष-च्या फरकाने भागले, की रेषेचा चढ मिळाला. हे सगळे रने देकार्त नावाच्या फ्रेंच माणसाने शोधून काढले, असे वर्गात सांगतात. एखादे हौशी शिक्षक छतावर फिरणाऱ्या माशीची गोष्टही जोडून देतात. अंथरुणात पडलेल्या देकार्तला ती माशी दिसली आणि तिची जागा दोन आकड्यांनी सांगता येईल हे सुचले, अशी ती गोष्ट. ऐकायला छान आहे, पण तिला आधार नाही. शिवाय देकार्तचे मूळ पुस्तक उघडले, तर ही दोन्ही सूत्रे त्यात सापडत नाहीत.

ती त्याच्या लगेच नंतरच्या लोकांकडेही नाहीत. अंतराचे सूत्र छापील पुस्तकात यायला देकार्तनंतर ९४ वर्षे लागली. अंतर आणि चढ ही जोडगोळी पाठ्यपुस्तकात शेजारी येऊन बसायला तर १६० वर्षे गेली. तेवढ्या काळात कलनशास्त्र जन्मले आणि वाढले, न्यूटनने ग्रहांची गती समीकरणांत बांधली, हॅलेचा धूमकेतू कधी परतेल याचे गणितही मांडून झाले. सगळ्यांत साधी गोष्ट सगळ्यांच्या शेवटी आली. हे कसे घडले, याची ही हकीकत आहे.

देकार्तचे पुस्तक १६३७ च्या जून महिन्यात हॉलंडमधल्या लायडन गावी छापले गेले. त्यावर लेखकाचे नाव नव्हते. सत्य शोधण्याच्या पद्धतीवर एक मोठा निबंध आणि त्याच्यामागे तीन पुरवण्या: एक प्रकाशाच्या वक्रीभवनावर, एक ढग, पाऊस आणि इंद्रधनुष्य यांवर, आणि तिसरी ‘भूमिती’. ही तिसरी पुरवणी सव्वाशे पानांचीही नाही. तिची सुरुवातच सरळ रेषांच्या लांबीने होते. भूमितीतला कोणताही प्रश्न घ्या, काही सरळ रेषांच्या लांब्या कळल्या की तो सुटतो, असा देकार्तचा दावा आहे. मात्र त्याच्या लेखी लांबी हे समीकरणातले अज्ञात आहे. दोन बिंदूंचे ठावठिकाणे देऊन त्यांच्यामधले अंतर विचारावे, असा प्रसंग त्याच्या पुस्तकात येत नाही. गरज पडली तिथे त्याने आकृतीत काटकोन त्रिकोण पाहिला, पायथागोरसचा सिद्धांत लावला आणि तो पुढे गेला.

आपल्या वहीतले ते दोन काटकोनी अक्षही तिथे नाहीत. प्रश्नातलीच एखादी रेषा तो पायाला घेतो आणि दुसरी दिशा सोयीप्रमाणे तिरपीही धरतो. ऋण बाजूकडे तर तो फारसा फिरकतच नाही. त्याचे लक्ष वेगळ्याच शिकारीवर होते. लायडनच्या गोलियस या प्राध्यापकाने १६३१ मध्ये त्याच्यापुढे ग्रीक गणिती पॅपसच्या ग्रंथातले एक जुने कोडे टाकले होते. काही रेषा दिलेल्या आहेत. त्यांच्यापासूनच्या अंतरांच्या गुणाकारांमध्ये ठराविक प्रमाण राहील असा बिंदू कोणकोणत्या जागी असू शकतो, ते सांगा. रेषा चार असतील तर उत्तर शंकुच्छेद येते, हे ग्रीकांना ठाऊक होते. पुढे मात्र त्यांची वाट खुंटली होती. देकार्तने ते कोडे समीकरणात उतरवून हवे तितके पुढे नेले. एवढे मोठे सावज समोर असताना सरळ रेषेवर पान कोण खर्च करणार?

त्यातून माणूस मुळात तुसडा. सगळे सोपे करून दिले, तर हे आम्हाला आधीच ठाऊक होते असे म्हणणारे निघतील, म्हणून त्याने बऱ्याच पायऱ्या मुद्दाम गाळल्या आणि मित्राला तसे कळवलेही. पुस्तकाच्या शेवटी तर त्याने असे सुचवले आहे, की शोधाचा आनंद पुढच्या पिढ्यांना मिळावा म्हणून मी काही गोष्टी सोडून दिल्या. त्याबद्दल त्यांनी माझे आभारच मानावेत. वर्गात शिकवण्यासाठी इतके गैरसोयीचे पुस्तक शोधून सापडणार नाही.

त्याच सुमारास दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ शहरात पिएर द फर्मा नावाचा न्यायालयीन अधिकारी फावल्या वेळात हेच काम करत होता. देकार्तचे पुस्तक बाहेर पडण्याच्या आसपासच त्याची एक छोटी पुस्तिका हस्तलिखित रूपात पॅरिसच्या गणितींमध्ये फिरत होती. फर्माने सुरुवात सरळ रेषेपासून केली, हे त्याचे मोठेपण. पहिल्या घाताचे समीकरण सरळ रेषा देते, हे त्याने स्पष्ट लिहिले. अज्ञातांना स्वर आणि ज्ञातांना व्यंजने, ही व्हिएत या आधीच्या गणितीची जुनी रीत वापरून त्याने मांडले, की एका अज्ञाताचा एका ठराविक राशीशी गुणाकार दुसऱ्या अज्ञाताच्या दुसऱ्या ठराविक राशीशी केलेल्या गुणाकाराइतका असेल, तर बिंदू एका सरळ रेषेवर राहतो. त्या दोन ठराविक राशींचे गुणोत्तर म्हणजेच आपला चढ. तो तिथे हजर आहे, पण त्याची वेगळी दखल कोणी घेतलेली नाही. फर्माची रेषाही आरंभबिंदूतून निघून एकाच बाजूला जाते, कारण ऋण संख्यांच्या प्रदेशात पाऊल टाकण्याची त्याचीही तयारी नव्हती. शिवाय या गृहस्थाला छापण्याचा कंटाळा. तो १६६५ मध्ये वारला आणि ही पुस्तिका त्याच्या मुलाने, सॅम्युएलने, १६७९ मध्ये छापली. तोपर्यंत युरोप देकार्तच्या मार्गावर फार पुढे गेला होता.

पुढे म्हणजे वाकड्या रेषांकडे. वक्राला एखाद्या बिंदूपाशी स्पर्शिका कशी काढावी, यावरून देकार्त आणि फर्मा यांचे १६३८ मध्ये कडाक्याचे भांडण झाले. दोघांनाही हवा होता तो वक्राचा चढ. लांबीचेही तसेच. वाकडी रेषा आणि सरळ रेषा यांच्या लांबीतले प्रमाण माणसाला ठाऊक नाही आणि कधी अचूक कळणारही नाही, असे देकार्तने ‘भूमिती’त लिहून ठेवले होते. हॉलंडमध्ये फ्रान्स फान स्खूटेनने त्या पुस्तकाचे लॅटिन भाषांतर केले आणि १६५९ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती काढली. हेंड्रिक फान ह्यूरात या तरुणाचे एक पत्र तिच्यात जोडलेले आहे. त्या पत्रात एका वक्राची अचूक लांबी काढून दाखवली आहे. देकार्तचे म्हणणे देकार्तच्याच पुस्तकात खोडले गेले! इंग्लंडमध्ये विल्यम नीलने तोच वक्र दोन वर्षे आधी सोडवला होता. लायबनिझने १६८४ मध्ये कलनशास्त्रावरचा आपला पहिला लेख छापला. कोणत्याही वक्राचा कोणत्याही बिंदूवरचा चढ काढण्याची रीत त्यात काही पानांत आली. न्यूटनने तिसऱ्या घाताच्या वक्रांचे ७२ प्रकार मोजून १७०४ मध्ये छापले आणि तिथे ऋण निर्देशक बिनधास्त वापरले. वक्राची लांबी, वक्राचा चढ, वक्रांची जातवारी, सगळे झाले. दोन बिंदू जोडणाऱ्या रेषाखंडाचे सूत्र मात्र अजून कोणी कागदावर लिहिले नव्हते.

ते कोणाला येत नव्हते, असे समजणे चूक ठरेल. काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढणे ही हजारो वर्षांची जुनी विद्या. आपल्याकडे शुल्बसूत्रांत यज्ञवेदी मांडताना तिचा उपयोग आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० मध्ये, भुज, कोटी आणि कर्ण यांचे नाते मोडलेल्या बांबूच्या आणि सापावर झेप घेणाऱ्या मोराच्या उदाहरणांतून शिकवले आहे. मोर खांबावर, साप जमिनीवर. मोराची झेप म्हणजे कर्ण. उंची आणि जमिनीवरचे अंतर हे दोन आकडे सांगितले, की बाकीचे गणित. अंतराच्या सूत्राचा सगळा ऐवज इथे आहे. फरक एवढाच, की लीलावती शिकणारा विद्यार्थी खांब आणि बीळ डोळ्यांसमोर आणून मग गणित करतो. युरोपातला गणितीही १७०० पर्यंत आकृती काढूनच लांबी शोधत होता. आकृती समोर असताना सूत्राची गरज भासत नाही. आणि सरळ रेषेची आकृती तर पट्टी धरली की झाली. युक्लिडच्या पहिल्याच गृहीतकात तिचे काम संपले होते.

अंतराचे सूत्र छापले एका पोराने. आलेक्सी क्लेरो १७१३ मध्ये पॅरिसला जन्मला. बाप गणिताचा शिक्षक. वयाच्या तेराव्या वर्षाच्या आतबाहेर या मुलाने विज्ञान अकादमीपुढे निबंध वाचला होता. १७३१ मध्ये त्याचे अवकाशातल्या वक्रांवरचे पुस्तक निघाले आणि विशीच्या आत कोणाला घ्यायचे नाही हा नियम बाजूला ठेवून अकादमीने त्याला अठराव्या वर्षी सभासद करून घेतले. कागदावर न मावणारे, हवेत वळत जाणारे वक्र हा त्याचा विषय. अशा वक्राची आकृती काढणे अवघड आणि काढली तरी तिच्यावर भरवसा ठेवणे त्याहून अवघड. म्हणून त्याला दोन बिंदूंमधले अंतर सरळ निर्देशकांतून लिहावे लागले, प्रतलातले आणि अवकाशातलेही. डोळ्यांचा उपयोग संपला तिथे सूत्राची गरज निर्माण झाली, असे मला यातून दिसते. हाच क्लेरो पाच वर्षांनी मोपर्त्युई या शास्त्रज्ञाबरोबर लॅपलंडला गेला. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे की लांबट, या वादाचा निकाल लावण्यासाठी डिसेंबरच्या थंडीत गोठलेल्या तोर्न नदीच्या बर्फावर लाकडी काठ्या एकापुढे एक ठेवून त्या मंडळींनी पायारेषा मोजली. एका सरळ रेषेची लांबी मोजायला इतका खटाटोप क्वचितच कोणी केला असेल. हॅलेच्या धूमकेतूचे परतीचे गणितही पुढे त्यानेच मांडले.

क्लेरोचे सूत्र छापून झाले तरी त्याची पद्धत काही पडली नाही. ऑयलरने १७४८ मध्ये आपल्या मोठ्या ग्रंथाचा दुसरा खंड वक्रांना वाहिला. त्यात सरळ रेषेची बोळवण थोडक्यात झाली. पहिल्या घाताचे समीकरण म्हणजे सरळ रेषा, इतके सांगून गाडी पुढे. बर्लिनला असताना लाग्रांजने १७७३ मध्ये त्रिकोणी पायाच्या पिरॅमिडवर एक निबंध वाचला आणि त्यात सगळे काम निर्देशकांवर केले. आकृतीकडे न पाहता नुसत्या बीजगणिताने भूमिती समजू शकते, याचा त्याला अभिमान होता. पण तो निबंध गणितींनी गणितींसाठी वाचण्याचा. सूत्रे वर्गात यायची तर शिकवणारा माणूस हवा होता, आणि शिकवण्याची निकड हवी होती.

तो माणूस म्हणजे गास्पार मोंज. तो १७४६ मध्ये बर्गंडीतल्या बोन गावी जन्मला. बाप फिरून धंदा करणारा, सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा. मुलाने सोळाव्या-सतराव्या वर्षी स्वतः तयार केलेल्या साधनांनी गावाचा नकाशा काढला. तो एका लष्करी अधिकाऱ्याच्या नजरेस पडला आणि मोंजची मेझिएरच्या शाही इंजिनिअरिंग शाळेत रवानगी झाली. पण अधिकारी व्हायचे तर कूळ लागे. धार लावणाऱ्याच्या पोराला मुख्य वर्गांत जागा नव्हती. त्याला नकाशे काढण्याच्या आणि प्लास्टरचे नमुने ओतण्याच्या खालच्या विभागात बसवले.

तिथे त्याच्याकडे एक हिशेब आला. किल्ल्याच्या तटाची उंची किती ठेवावी? आसपासच्या टेकड्यांवरून शत्रूला आतले दिसता कामा नये आणि आतल्या माणसांवर थेट गोळी लागता कामा नये. प्रश्न सगळा सरळ रेषांचा आहे. टेकडीच्या माथ्यापासून तटाच्या कडेवरून जाणारी नजरेची रेषा किती उताराने खाली येते आणि आत कुठे टेकते, हे काढायचे. प्रचलित रीतीत एकेका बिंदूसाठी लांबलचक आकडेमोड असे. मोंजने उत्तर इतक्या लवकर आणून दिले, की वरिष्ठ ते तपासायलाच तयार होईना. इतक्या वेळात हे होणे शक्य नाही, असे त्याचे म्हणणे. मग पाहिले तर उत्तर बरोबर. जमिनीवरचा आराखडा आणि उभा आराखडा अशी दोन चित्रे जोडीने वापरण्याची मोंजची ही युक्ती पुढे वर्णनात्मक भूमिती म्हणून प्रसिद्ध झाली. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या शीटवर घाम गाळणाऱ्या मुलामुलींचा आद्य छळकर्ता तो हाच. युक्ती इतकी कामाची होती, की ती लष्करी गुपित म्हणून वर्षानुवर्षे शाळेबाहेर जाऊ दिली नाही.

मोंजचा दुसरा निबंध मला अधिक आवडतो, कारण त्याचा विषय माती वाहून नेणे हा आहे. एका जागची माती खणून दुसऱ्या जागी भराव घालायचा आहे. प्रत्येक घमेल्याचा खर्च त्याच्या वजनावर आणि नेण्याच्या अंतरावर. कोणती माती कुठे टाकली म्हणजे एकूण खर्च कमीत कमी येईल? मोंजने पहिल्या झटक्यात सांगितले, की सरळ नेणाऱ्या कोणत्याही दोन वाटा एकमेकींना छेदता कामा नयेत. छेदत असतील तर मातीची अदलाबदल करा, अंतर वाचेल. आता ही प्रत्येक वाट म्हणजे एक सरळ रेषा. तिची दिशा आणि तिची लांबी दोन्ही हव्यात, आणि अशा अगणित रेषा एकदम हाताळायच्या आहेत. एकेकीची आकृती काढत बसलात तर माती तिथेच राहील. १७८१ सालच्या आणि १७८४ मध्ये छापलेल्या या निबंधात दिलेल्या बिंदूतून जाणाऱ्या रेषेचे समीकरण तिच्या चढातून मांडलेले आहे. आपण त्याला बिंदू-चढ रूप म्हणतो. घमेली वाहण्याच्या हिशेबातून हे रूप बाहेर यावे, यात मला मोठी गंमत वाटते. (या प्रश्नाला रशियन गणिती कांतोरोविचने विसाव्या शतकात नवे रूप दिले. साधनसामग्रीच्या वाटपावरच्या त्याच्या कामाला १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.)

एवढ्यावर हे सूत्र अकादमीच्या बाडांत पडून राहिले असते. ते राहिले नाही, कारण १७८९ मध्ये राज्यक्रांती झाली आणि १७९२ पासून फ्रान्स अर्ध्या युरोपशी लढू लागला. सरदार घराण्यांतले लष्करी इंजिनिअर मोठ्या संख्येने देश सोडून गेले होते. पूल बांधायला, तट उभारायला, तोफा ओतायला माणसे नव्हती. मोंज कट्टर क्रांतिवादी. तो काही महिने नौदलमंत्री होता. राजकारणात त्याला गती नव्हती, ते सोडून तो बारूद आणि तोफांच्या मागे लागला. तळघरांच्या भिंती खरवडून सोरा गोळा केला जात होता, चर्चच्या घंटा वितळवल्या जात होत्या, आणि मोंज तोफा कशा ओताव्यात यावर कारागिरांसाठी पुस्तक लिहीत होता. या धामधुमीत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी एक नवी शाळा उभी केली. २१ डिसेंबर १७९४ रोजी पॅरिसच्या पॅले बुर्बाँमध्ये तिची व्याख्याने सुरू झाली. पुढच्या वर्षी तिचे नाव एकोल पोलितेक्निक झाले.

या शाळेत कूळ विचारले जात नव्हते. देशभरातल्या अनेक शहरांत परीक्षा घेऊन जवळजवळ ४०० मुले निवडली आणि त्यांना सरकारी वेतनही लावून दिले. त्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये हाडे गोठवणारी थंडी होती आणि ब्रेडची टंचाई. सगळा अभ्यासक्रम आधी तीन महिन्यांत घाईघाईने उरकायचा आणि मग मुलांची वर्षवार विभागणी करायची, असा बेत. मुलांना हाताखाली घेण्यासाठी मोंजने त्यांच्यातलेच काही चुणचुणीत आधी तयार केले. त्यांत बिओ आणि मालुस होते. दोघेही पुढे मोठे शास्त्रज्ञ झाले.

माझ्या मते सरळ रेषेचे नशीब इथे फळफळले. देकार्तचा वाचक गाळलेल्या पायऱ्या स्वतः भरून काढी, क्लेरोचा वाचक अकादमीत बसलेला असे. इथे समोर ४०० पोरे, कोणी खेड्यातून आलेले, कोणी आधीच बरेच शिकलेले, आणि हाती आठवडे थोडे. त्यांना प्रत्येक प्रश्नाला नवी आकृती आणि नवी कल्पना सुचवत बसणे परवडणार नव्हते. डोके न चालवताही बरोबर उत्तर येईल अशी रीत हवी होती. सूत्रावर ‘घोकंपट्टी’ हा आरोप आपण नेहमी करतो, पण घोकता येणे हाच सूत्राचा मूळ गुण आहे. मोंजने १७९५ पासून आपली व्याख्याने सुट्या छापील तावांवर मुलांच्या हाती द्यायला सुरुवात केली. पुढच्या तावांमध्ये पृष्ठभागांचे अतिशय खोल गणित आहे. सुरुवात मात्र अवकाशातल्या रेषा आणि प्रतल यांपासून, शिस्तीने. त्याची रेषा दोन समीकरणांनी लिहिली जाते, कारण कागदावर तिचे दोन आराखडे असतात. ड्रॉइंगच्या शीटवरची जोडी आणि बीजगणितातली जोडी एकच.

मोंज उत्तम वक्ता, पण पुस्तक नीट रचून लिहिण्याची त्याला सवड नव्हती. ते काम त्याच्या शिष्याने केले. सिल्व्हेस्त्र फ्रांस्वा लाक्रुआ १७६५ मध्ये पॅरिसच्या एका गरीब घरात जन्मला. मोंजची व्याख्याने ऐकून तो तयार झाला, आणि मोंजच्याच शिफारशीवरून सतराव्या वर्षी रोशफोरच्या नौदल शाळेत शिकवू लागला. लाक्रुआच्या नावावर मोठा शोध नाही. गणिताच्या इतिहासात त्याला सहसा दोन ओळींत उरकतात, हे मला अन्यायाचे वाटते. कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीच्या आधी सांगावी, हे त्याच्याइतके कोणाला कळत नव्हते. कलनशास्त्रावरच्या १७९७ च्या त्याच्या मोठ्या ग्रंथात त्याने जाहीर केले, की भूमितीतल्या रचना कटाक्षाने टाळून केवळ बीजगणिताच्या वाटेने जाणारी एक भूमिती असू शकते, आणि तिला वैश्लेषिक भूमिती म्हणता येईल. श्रेय त्याने लाग्रांज आणि मोंज यांना दिले.

मग १७९८-९९ मध्ये त्याचे त्रिकोणमिती आणि ‘भूमितीत बीजगणिताचा उपयोग’ या विषयांवरचे छोटे पाठ्यपुस्तक निघाले. दोन बिंदू दिले असता त्यांच्यामधले अंतर. दोन बिंदू दिले असता त्यांतून जाणाऱ्या रेषेचे समीकरण, ज्यात चढ दोन फरकांच्या भागाकाराने मांडलेला आहे. आपल्या दहावीतला मुलगा फ्रेंच न येताही ती पाने ओळखील. हे पुस्तक छापले जात होते तेव्हा गुरू नेपोलियनबरोबर इजिप्तमध्ये होते. कैरोत नव्या संस्थेचे पहिले अध्यक्ष म्हणून मोंज मृगजळ कसे दिसते यावर निबंध वाचत होता.

त्यानंतर रांगच लागली. प्युइसाँचे पुस्तक १८०१ मध्ये. तो लष्करी मोजणी खात्यातला माणूस. बिओचे १८०२ मध्ये, लफ्रांस्वाचेही त्याच सुमारास. मोंजने स्वतः आशेतबरोबर १८०२ मध्ये आपली मांडणी छापली. बिओचे पुस्तक इतके चालले, की १८४० मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया लष्करी संस्थेच्या विद्यार्थ्यांसाठी त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. दीडशे वर्षे कोणाला नको असलेली रेषा चार-पाच वर्षांत चार पुस्तकांच्या पहिल्या प्रकरणात जाऊन बसली.

मोंजचे शेवटचे दिवस वाईट गेले. नेपोलियन पडला, बुर्बाँ राजे परत आले आणि १८१६ मध्ये मोंजचे नाव अकादमीच्या यादीतून काढून टाकले. तो २८ जुलै १८१८ रोजी वारला. पोलितेक्निकच्या विद्यार्थ्यांना अंत्यविधीला जायची परवानगी सरकारने नाकारली. दुसऱ्या दिवशी मुले स्मशानात जाऊन आली.

इंग्लंडला हे सगळे उशिरा पोचले. न्यूटनच्या अभिमानात केंब्रिज शतकभर मुख्य भूमीकडे पाठ फिरवून बसले होते. बॅबेज, हर्शेल आणि पीकॉक या तिघा तरुणांनी १८१२ मध्ये ‘ॲनालिटिकल सोसायटी’ काढली आणि १८१६ मध्ये लाक्रुआच्याच कलनशास्त्राच्या छोट्या पुस्तकाचे भाषांतर केले. पुढच्या पिढीत निर्देशक भूमितीची इंग्रजी पाठ्यपुस्तके धडाधड आली: ओब्रायनचे १८४४ मध्ये, सामनचे १८४८ मध्ये, टॉडहंटरचे १८५५ मध्ये. चढासाठी एम हे अक्षर या पुस्तकांतून रूढ झाले. आपल्याकडे मुले ‘वाय बरोबर एमएक्स अधिक सी’ असे जे म्हणतात, ते टॉडहंटरचे रूप. टॉडहंटरच्या या पुस्तकानंतर दोनच वर्षांनी, १८५७ मध्ये, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विद्यापीठे निघाली, आणि त्याची पाठ्यपुस्तके हिंदुस्थानातल्या शाळा-कॉलेजांत पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. त्याच्या पहिल्या प्रकरणात बिंदूचे निर्देशक आणि दोन बिंदूंमधले अंतर आहे, दुसऱ्यात सरळ रेषा, मग पुढे वर्तुळ आणि शंकुच्छेद. आपली पुस्तके थोड्याफार फरकाने तोच क्रम धरून चालतात. देकार्तने ज्याच्यासाठी हा सगळा डोलारा उभा केला ते पॅपसचे कोडे आता बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यालाही सहसा भेटत नाही.